बेकर किंग किम ताक्कू : मला माजुनबद्दल बोलायचंय (स्पॉयलर आहेत)

पाऊसवेडी

काल रात्री दीड वाजता तिसावा भाग संपला आणि तेव्हापासून डोक्यात नुसता माजुन आहे, म्हणून धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2010 ची केबीएस या कोरियन वाहिनीची सिरीयल, 30 भाग, इंग्रजीत ब्रेड, लव्ह अँड ड्रीम्स नावानेही सापडते. लेखिका कांग उन-ग्यंग, पुढे डॉक्टर रोमँटिक लिहिणारी तीच. काळ सत्तर-ऐंशीच्या दशकातला. गोसंग नावाच्या मोठ्या पावाच्या कंपनीचा मालक कू इल्जोंग, त्याची बायको सो इन्सुक, त्यांना दोन मुली आणि सासूला हवाय नातू. ज्योतिषी इन्सुकला सांगतो की या नवऱ्यापासून तुला मुलगा नाही, दुसऱ्या पुरुषापासून आहे. तिकडे इल्जोंगचं घरातल्या किम मिसुनशी जुळतं आणि ताक्कू होतो, इकडे इन्सुक नवऱ्याचा मित्र आणि उजवा हात असलेल्या हान सुंगजेकडे जाते आणि माजुन होतो. म्हणजे बापाचं रक्त आहे तो पोरगा खेड्यात आईबरोबर उपाशी वाढतोय आणि ज्याच्यात बापाचं रक्तच नाही तो वाड्यात वारस म्हणून वाढतोय.

बारा वर्षांचा ताक्कू एके दिवशी त्या घरात येतो आणि तिथून सगळं सुरू होतं.

सगळीकडे लोक ताक्कूबद्दल लिहितात, कसा गोड, कसा सरळ मनाचा, कितीही मार खाल्ला तरी हसत उठणारा. युन शियुनने काम छानच केलंय, वाद नाही. पण मला तीसच्या तीस भाग खिळवून ठेवलं ते जू वनच्या माजुनने, आणि टीव्हीवरचं हे त्याचं पहिलंच काम होतं यावर विश्वास बसत नाही. त्याला व्हिलन म्हणून सोडून देणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं. त्या पोराला कंपनी नकोय हो, त्याला बापाने एकदा वळून बघायला हवंय, बास. आणि बाप बघतो तेव्हा ताक्कूच्या नाकाकडे बघतो, कारण पोराला पिठाचा, पावाचा वास बापासारखाच कळतो. माजुन दाराशी उभा राहून हे बघतो. मेहनत करून पाव शिकता येईल पण ते नाक कुठून आणणार? आणि त्याला कारणही ठाऊक आहे! आजी गेली त्या पावसाच्या रात्री आपण कोणाचे ते त्याला कळलेलं असतं. एवढ्याशा पोराने हे पोटात ठेवून मोठं व्हायचं, आणि वर आईसमोर हसायचं.

तुम्हाला काय वाटतं? माजुनच्या बाजूने कोणी आहे का इथे?

घाटमाथा

मी आहे. पण मुद्दा एक. परिस्थिती वाईट होती म्हणून ताक्कूची चव आणि वास घालवण्यापर्यंत जायचं? पाव बनवणाऱ्या माणसाचं नाक आणि जीभ काढून घेणं म्हणजे गवयाचा गळा कापणं आहे. तो भाग बघताना मी उठून पाणी प्यायला गेलो होतो. नंतर दोघांना पाव शिकवणाऱ्या पाल्बोंग गुरुजींची आंबवणाची वही जाळतो ते वेगळंच. कीव येते मान्य, पण माफी लगेच देऊ नये असं मला वाटतं.

पाऊसवेडी

घाटमाथा, माफी मीही देत नाहीये. वही जाळतो तेव्हा मला त्याचा प्रचंड राग आला. पण बघा ना, कोणी लिहून ठेवलेली कृती आपल्या कामाची नाही, ती दुसऱ्यालाच लाभणार आहे, हे ज्याला आतून वाटतं तोच ती जाळतो. ज्याला आपण जिंकू असं वाटत असेल तो कशाला जाळेल.

रातराणी

वाचतेय. अर्धीच बघितलीय, अठराव्या भागावर आहे, तरी वाचतेय, मला स्पॉयलरचा काही त्रास नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोघं बेकरीत एकमेकांसमोर येतात ते. ताक्कू बारा वर्षं आईला शोधत फिरतोय, हातावर भिरभिऱ्याचं गोंदण असलेला एक माणूस तिला घेऊन गेला एवढीच खूण त्याच्याकडे आहे, आणि ती खूण धरून तो पाल्बोंग बेकरीत येतो. तिथे माजुन सो थेजो असं खोटं नाव लावून पाव शिकतोय. ताक्कूला पत्ता नाही की हा आपला भाऊ. माजुनला सगळं माहीत. एकाच ओट्याशी उभे राहून दोघं पीठ मळतात. एक जण भोळेपणाने मैत्री करायला बघतोय आणि दुसरा दात आवळून उभा आहे. प्रत्येक वेळी वाटतं आता कळेल, आता कळेल.

दूरदेशी

पाच वर्षं कोरियात तेजॉनला होतो, पीएचडीसाठी. ही सिरीयल तिथे आजही माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण, प्रोफेसरपासून मेसमधल्या मावशींपर्यंत. शेवटच्या आठवड्यात टीआरपी 50 टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे टीव्ही असलेल्या घरांपैकी जवळपास निम्म्या घरांत हेच चालू होतं.

मुलगा हवा या हट्टाबद्दल थोडं लिहितो कारण आपल्याकडे लोक म्हणतात अरे हे तर आपल्यासारखंच. आहेच, पण तिथे त्याला कायद्याचाही आधार होता. होजू म्हणून पद्धत होती, प्रत्येक कुटुंबाच्या सरकारी नोंदीत एक प्रमुख असायचा. प्रमुख गेला की पहिला हक्क मुलाचा, मग तो तान्हा का असेना. बायको आणि आई त्याच्या मागे. 2005 साली तिथल्या घटना न्यायालयाने ही पद्धत घटनेशी विसंगत ठरवली आणि 2008 च्या जानेवारीत ती पूर्ण गेली. म्हणजे सिरीयल आली तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. टीव्हीसमोर बसलेल्या कितीतरी बायकांनी इन्सुकचं भय स्वतः अंगावर काढलेलं होतं. मला इन्सुक म्हणूनच समजते. तिने केलेलं सगळं भयंकर आहे, पण दोन मुली झाल्यावर त्या घरात तिची जागा रोज एकेक इंच कमी होत होती हे विसरून चालत नाही.

सुगरण

दूरदेशी, हे होजूचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

आमच्या घरात हे असंच बघितलंय म्हणून लिहिते. माझ्या आजीच्या जावेला चार मुली. पाचव्या खेपेला मुलगा झाला तेव्हा तिला पहिल्यांदा ओटीवर येऊन सगळ्यांबरोबर बसायला सांगितलं, तोवर ती माजघरातच. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिचा आवाज बारीक व्हायचा. इन्सुकची सासू बोलते ना, ओरडत नाही, तोडून बोलत नाही, फक्त चहाचा पेला खाली ठेवून नातवाचा विषय काढते. त्या वेळी इन्सुक जशी बसते, पाठ ताठ, नजर खाली, ती बसण्याची तऱ्हा मी आमच्या जुन्या फोटोत बघितलीय. इन्सुक झालेल्या जन इन्ह्वाने काय काम केलंय!

जाईजुई

रोमान्सबद्दल कोणीच बोलत नाहीये! मी तर युग्यंगसाठी बघत होते.

दारू पिऊन मारणाऱ्या बापाच्या घरातली पोरगी, लहानपणी ताक्कू तिला वाचवायला धावतो, तिथपासून दोघांचं एकमेकांवर प्रेम, आणि मोठेपणी ती लग्न करते माजुनशी. मला पहिल्यांदा बघताना तिचा इतका राग आला की मी दोन दिवस सिरीयल बंद ठेवली. वाटलं ताक्कूने काय वाईट केलं होतं हिचं. मग परत बघायला घेतली तेव्हा कळलं की इन्सुकने तिचा जो अपमान केलाय तो तिच्या हाडापर्यंत गेलाय. ताक्कूबरोबर ती सुखी झाली असती, पण त्या बाईच्या घरात तिची सून म्हणून ताठ मानेने शिरायला मिळालं नसतं. तिने सुख सोडून तो उंबरठा निवडला. पटत नाही, पण कळतं.

घाटमाथा

मला उलट वाटतं, युग्यंग आणि माजुन हीच या सिरीयलमधली खरी जोडी. दोघंही त्याच एका घरात जागा मागतायत. दोघांनाही ताक्कू आवडतो आणि दोघांनाही त्याच्यासारखं होता येत नाही. लग्न सूड म्हणून झालं तरी एकमेकांना पूर्ण ओळखणारी हीच दोन माणसं. शेवटी दोघं घर सोडून निघतात तेव्हा मला फार बरं वाटलं.

जाईजुई

आणि आमची यांग मिसुन? पाल्बोंगची नात? ती कुठे जाणार? ताक्कूच्या आईचं नावही मिसुन आणि या मुलीचं नावही मिसुन, हे लेखिकेने मुद्दाम केलंय असं मला ठाम वाटतं. आई हरवलेल्या पोराला त्याच नावाची मुलगी पाव करायला शिकवते, चुकला की ओरडते, आजारी पडला की उशाशी बसते. प्रेमात पडल्याचं तिचं तिलाही उशिरा कळतं.

पाऊसवेडी

जाईजुई, नावांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं!! आता परत बघावं लागणार.

पोदेर_बाब

गोव्याहून लिहितोय. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या भट्टी होती, काकांनी बंद केली त्याला आता बरीच वर्षं झाली. ही सिरीयल मला भाच्याने लावून दिली की मामा यात तुमचाच धंदा आहे बघा, आणि मी खरंच बसलो ते बसलोच.

एक गंमत सांगतो. मूळ कोरियन नावात पाव हा शब्द पांग असा येतो, जेप्पांगवांग, म्हणजे पाव करणाऱ्यांचा राजा. तो पांग पोर्तुगीजांचा, जपानमार्गे गेलेला. आपला पावही पोर्तुगीजांचाच. म्हणजे ताक्कू म्हणतो तो शब्द आणि माझे आजोबा म्हणायचे तो शब्द एकाच घरातले.

पाल्बोंगची परीक्षा आहे ना, तीन फेऱ्यांची, जगातला सगळ्यात पोटभरीचा पाव, मग सगळ्यात मजेदार पाव आणि मग सगळ्यात आनंदी पाव. दुसऱ्या फेरीत यीस्ट वापरायचं नाही असं सांगतात तेव्हा दोघं पोरं हबकतात. मी इकडे खुर्चीत पुढे सरकून बसलो. आमच्याकडे यीस्ट होतं कुठे? माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ भिजवायचे. रात्री मळून ठेवलेलं पीठ पहाटे आजोबा हाताच्या उलट्या बाजूने दाबून बघायचे, खळी पडून सावकाश वर आली की भट्टी पेटवायला सांगायचे, लगेच वर आली तर अजून थांबायचं, आलीच नाही तर त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. सूर जुनी झाली असेल तर पावाला आंबूस वास येतो, तो वास मला अजून आठवतो. आजोबा दारातूनच सांगायचे आजची सूर कशी आहे ते. म्हणून ताक्कूच्या नाकाची गोष्ट लोकांना परीकथा वाटेल, मला नाही वाटली.

दूरदेशी

पोदेर_बाब, काय सुंदर लिहिलंय. कोरियातही हेच आहे! सुल्पांग म्हणून पाव मिळतो, सुल म्हणजे दारू. तांदळाची माक्कोली घालून पीठ फुगवतात आणि वाफवतात, आपल्या इडलीसारखा ओलसर मऊ होतो आणि किंचित गोड-आंबट लागतो. रस्त्याच्या कडेला मोठ्या परातीएवढा ठेवून कापून देतात.

आणि ताक्कू पहिल्या फेरीत बार्लीचा शिजवलेला भात घालून पाव करतो ना, त्यामागे केवढी गोष्ट आहे. बोरित्गोगे असा तिथे शब्द आहे, शब्दशः बार्लीचा घाट. शरदातला तांदूळ संपलेला आणि बार्ली अजून कापणीला आलेली नाही, असे वसंतातले उपासमारीचे आठवडे, तो घाट चढून पार करायचा. साठ-सत्तरच्या दशकात तांदूळ कमी पडायचा म्हणून सरकार सांगायचं की भातात दुसरी धान्यं मिसळा, गव्हाचं पीठ खा, आणि शाळेत मास्तर डबे उघडून बघायचे की भात नुसता पांढरा तर नाही ना. त्या पिढीला बार्लीचा भात म्हणजे गरिबी. आणि हा पोरगा सगळ्यात पोटभरीचा पाव म्हणून तीच गरिबी पिठात मळून परीक्षेला ठेवतो! माझ्या मेसमधल्या मावशी सांगायच्या की तो भाग लागला तेव्हा त्यांचे वडील उठून बाहेर अंगणात गेले.

सुगरण

वाचताना अंगावर काटा आला.

दूरदेशी, सिरीयलमधली बेकरी खरी आहे का? जाऊन बघता येते का?

दूरदेशी

चंगजू शहरात सुआमगोल म्हणून टेकडीवरची वस्ती आहे, तिथे शूटिंग झालं. कोरियन युद्धानंतर निर्वासित येऊन राहिले ती जागा, चिंचोळ्या गल्ल्या, चढ, आणि आता घरांच्या भिंतींवर चित्रं काढलेली आहेत. मी गेलो होतो एका रविवारी, मित्राबरोबर. चढून चढून दम लागला आणि वळणावर ती इमारत दिसली. आत पाव खाल्ला, खिडकीशी बसलो, खाली सगळं शहर दिसतं. शेजारच्या टेबलावर एक आजी-आजोबा होते, आजी आजोबांना एकेक प्रसंग सांगत होत्या, इथे तो उभा होता, इथे ती रडली.

शाईवाला

नेहमी फक्त वाचतो इथे, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

आमच्या आजोबांचा छापखाना होता, लग्नपत्रिका, पावत्या, शाळांचे प्रगतिपुस्तक छापायचे. माझे वडील आणि धाकटे काका दोघंही तिथेच लहानाचे मोठे झाले. वडिलांचा हात चांगला होता, छपाईचे खिळे जुळवताना बोटं बघत राहावीत अशी. काकांना ते जमायचं नाही, पण हिशोब, गिऱ्हाईक, उधारी वसूल करणं सगळं काकाच करायचे. आजोबा कौतुक करायचे ते फक्त हाताचं. पाहुण्यांसमोर म्हणायचे, माझा हात मोठ्यात उतरलाय. काका तिथेच उभे असायचे, हातात वही. आजोबा गेल्यावर वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आम्ही सगळे समजायचो की पैशावरून भांडण आहे.

पाऊसवेडी, तुम्ही लिहिलंय ना, त्याला कंपनी नको होती, बापाने वळून बघायला हवं होतं. ते वाचून मी थांबलो. काकांनी वाटणीत जागा मागितली नव्हती, मशीन मागितलं नव्हतं. त्यांनी आजोबांची खिळे जुळवायची पितळी पट्टी मागितली होती, ज्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. वडील म्हणाले तुला ती वापरता येत नाही, कशाला हवी. तिथून तुटलं.

मी ही सिरीयल बघितलेली नाही. आज सुरू करतो.

पाऊसवेडी

शाईवाला, काय लिहू कळत नाहीये. दादा, नक्की बघा. आणि जमलं तर काकांना घेऊन बघा. पहिले काही भाग लहानपणीचे आहेत, ते भराभर पुढे ढकलू नका, सगळं तिथेच पेरलेलं आहे. लहान ताक्कू झालेला ओ जेमूही फार गोड आहे.

शाईवाला

काका आता आमच्याकडेच असतात. विचारतो त्यांना. पट्टी कुणाकडे आहे असं कोणी विचारलं तर, वडिलांनी गेल्या वर्षी स्वतः नेऊन दिली.

जाईजुई

रडवलंत.

रातराणी

मी पण.

किनारा

भाऊ-भाऊ वैर आवडत असेल तर 2009 ची केन अँड एबल बघा, सो जिसब आणि शिन ह्यनजून, दोघं डॉक्टर भाऊ, तिथेही बापाच्या नजरेचंच दुखणं आहे आणि मध्ये हान जिमिन. वीस भाग आहेत. पण ती जास्त थ्रिलरच्या अंगाने जाते, गोळ्याबिळ्या, वाळवंट, वगैरे. ताक्कूसारखी ऊब नाही. जुमोंगमध्येही राजपुत्र भावांचं वैर आहे पण तिला 81 भाग, वेळ काढून बसा. आणि जुमोंगमधला राजा कुम्वा म्हणजे आपले इथले इल्जोंग, जन क्वांगन्योल. हा माणूस नुसता उभा राहिला तरी बाप वाटतो.

घाटमाथा

जू वन आवडला असेल तर ब्रायडल मास्क बघाच, 2012 ची. जपानी राजवटीचा काळ, तिथेही मोठा भाऊ आणि त्याचं ओझं आहे. माजुन बघून मग ती बघितली की कळतं की दोन वर्षांत पोरगा कुठून कुठे गेला.

पाऊसवेडी

किनारा, घाटमाथा, दोन्ही यादीत टाकल्या.

एक गोष्ट राहिली म्हणून लिहिते. कोरियनमध्ये धाकटा भाऊ मोठ्याला नावाने हाक मारत नाही, ह्यंग म्हणतो, आपल्या दादासारखं. सबटायटलमध्ये हे सगळं पुसलं जातं, सगळीकडे नुसतं नाव येतं. मी आता दुसऱ्यांदा बघतेय ती आवाज मोठा करून, सबटायटलवर नजर न ठेवता, फक्त माजुन त्याला काय म्हणून हाक मारतो ते ऐकायला. काल पाचच भाग झाले. आईही येऊन बसली शेजारी, तिला अक्षरं वाचायला जमत नाही एवढी भराभर, म्हणून मी थोडं थोडं सांगते. सासू नातवाचा विषय काढते त्या सीनला मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, थांब, हे मला कळतंय.

पोदेर_बाब

आईंना नमस्कार सांगा. आणि पीठ मळायचे सीन आले की त्यांना नुसता पोरांचा हात बघायला सांगा, तिथेही सांगावं लागणार नाही.